नोंदवहीत न लिहिलेला धूर

४ मार्च, मंगळवार

काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी डबा उघडला आणि सगळं उलटंपालटं झालं. वेळ इतकी पक्की सांगतोय, कारण डबा उघडल्याची वेळ नोंदवहीत लिहावीच लागते. माझ्याच अक्षरात आहे — १०.२०, फिल्टर सात, कोरा एक, सगळे शाबूत. चिठ्ठीबद्दल चकार शब्द नाही. चिठ्ठ्यांची नोंद करायची नसते.

दर सोमवारी जीपवाला मामा नव्या फिल्टरांचा डबा वर, टेकडीवरच्या या हवा मोजायच्या केंद्रावर आणतो. खाली प्रयोगशाळेत ती, माझ्या कॉलेजातली, ते फिल्टर भट्टीत भाजते, चांदीच्या कागदात गुंडाळते आणि सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवते. चार बोटांची. वर्ष होत आलं, ठेवतेय. कालची अशी होती —

"माझं लग्न ठरलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. या वेळचे फिल्टर कडेला ठिसूळ आहेत, चिमटा हलका धर."

लग्न आणि चिमटा! एका दमात! मुलगा कोण, कधी, कुठे, काही नाही. आणि विचारायचा मला हक्क तरी काय? कॉलेजात दोन वर्षं एका बाकावर बसलो. कधी तोंड उघडलं? भांडायला तेवढं उघडत होतो — सरांशी, कँटीनवाल्याशी, बसच्या कंडक्टरशी. हिच्यासमोर दातखीळ.

मग मी डोक्यात राख घालून घेतली. नुसती डोक्यात घातली असती तर निभावलं असतं. गादीखालच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या — एक्केचाळीस — बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात घातल्या आणि गच्चीवर गेलो. वर वारा सुसाट, काडी टिकेना. एकच कोपरा असा की वारा लागत नाही — हवा ओढणाऱ्या नळीच्या बुडाशी. तिथे उकिडवा बसलो. दुपारचे चार दहा. डोक्यावर नळीची टोपी, पायाखाली पंपाची घरघर. मला ऐकू येत होती. ऐकू येत होती, तरी पेटवल्या!

एक चिठ्ठी शेवटपर्यंत हातात ठेवली. आठवड्यातून एक फिल्टर नुसता लावायचा आणि पंप न चालवता काढायचा असतो. त्याला कोरा म्हणतात. हवेतलं किती आणि आपल्या हातचं किती, ते त्यावरून कळतं. तिने लिहिलं होतं — "कोऱ्यावर तुझ्या हाताचं काहीच उमटत नाही. स्वच्छ हात आहेत तुझे."

तीही जाळली.

५ मार्च

काल लिहायचं राहिलं ते असं, की पंधरा मिनिटांत खालच्या प्रयोगशाळेतून फोन आला. साहेबांचा. खोलीतल्या धूरमापीचा आकडा तारेने थेट त्यांच्या टेबलावर जातो. एरवी तीनशे-चारशे असतो. सोमवारी चार पंधराला नऊ हजार.

"काय रे, धूर दिसतोय का? कुणी काही पेटवलंय?"

"नाही साहेब."

"गुराखी? विडीकाडी?"

"इथे मी आणि वारा, साहेब. तिसरं कुणी नाही."

त्यात खोटं काय होतं? मी आणि वारा, दोघंच होतो. साहेबांचा आवाज बदलला. "हलवू नकोस काही. फिल्टर तसाच काढून ठेव. मी जीप पाठवतो."

आणि मी नोंदवहीत लिहिलं — ३ मार्च. आकाश निरभ्र. वारा ईशान्येचा. विशेष काही नाही.

हे लिहिताना अक्षरसुद्धा वाकडं गेलं नाही, हेच मला आज विशेष वाटतंय.

६ मार्च

मामा काल खास फेरी मारून फिल्टर घेऊन गेला. डबा मांडीवर धरल्यासारखा नेला. "साहेबांनी सांगितलंय, अंड्यासारखा आण. काय घातलंस रे त्यात? सोनं?"

"धूर."

"मग हळू कशाला? धूर काय फुटतो?"

७ मार्च, शुक्रवार

साहेब भानावर नाहीत! सकाळपासून तीन फोन. फिल्टरवर साखर सापडली. खायची नव्हे — लाकूड जळलं की एक साखरेसारखा पदार्थ तयार होतो, दुसऱ्या कशाने होत नाही. गाड्यांच्या धुरात नाही, कारखान्यांच्या नाही. ती सापडली म्हणजे कुठेतरी झाडं जळतायत.

आणि जळतायतच. सोळाशे किलोमीटरवर, पाच आठवडे जंगल पेटलंय. ईशान्येला. साहेबांनी नकाशावर बाण काढला. बाणाचं टोक बरोबर माझ्या गच्चीवर.

कामावर घेतलं तेव्हा त्यांनीच समजावलं होतं — तिकडचा धूर आभाळात चढतो, दिवसेंदिवस वरच्यावर वाहतो, वाटेत शहरं लागली की त्यांचंही घेतो. त्यात काय काय असतं, त्याची निम्मी नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. असा वरून येणारा वारा आधी आमच्या टेकडीला भेटतो. मग पहाटेच्या गारव्यात आठ-दहा तासांनी खाली दरीत उतरतो आणि गावावर बसून राहतो. हे आठ-दहा तास म्हणजेच माझी नोकरी. बाबा म्हणतात, हवा खायचा पगार.

साहेब म्हणतात, तीन तारखेचा नुसता पहिला झोत होता, खरा लोट मागून येतोय. खालच्या गावासह सगळ्या दरीला इशारा दिलाय. दोन दिवस शाळा बंद, दारं-खिडक्या बंद, म्हातारे-आजारी बाहेर नको.

खालचं गाव म्हणजे आमचंच. बाबा, दादा.

फोन हातात घेतला. खाली ठेवला.

८ मार्च

आकाश निळं. धुतल्यासारखं.

९ मार्च

अजून निळं. हसायला लागलीत माणसं. मामा फोनवर सांगत होता, दुकानदाराने नाकावर बांधायच्या पट्ट्या दुप्पट भावाने विकल्या आणि आता लोक त्या परत करायला रांग लावतायत. शाळेची पोरं विचारतात, पुढचा धूर कधी? परीक्षेच्या आधी येईल का?

दादाचा फोन आला. "तुमच्या साहेबांची हवा गेली रे." मी विचारलं, बाबा काय म्हणाले?

"काही नाही म्हणाले."

हेच जास्त लागलं. बाबा काही म्हणत नाहीत असं होतच नाही. तीस वर्षं छापखान्यात शाईच्या आणि रॉकेलच्या वाफा घेतल्या, छाती पार गेली, पाच पावलांवर दम लागतो, पण टोमणा मारायला श्वास नेहमी शिल्लक! मी कॉलेज सोडलं त्या दिवशी म्हणाले होते, "अर्ध्यावर सोडायला अक्कल लागत नाही, पाय लागतात." तेव्हापासून आम्ही बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. ते मागून ऐकू येईल असं बोलतात.

१० मार्च, सोमवार

डबा आला. फिल्टर सात, कोरा एक. चिठ्ठी नाही.

सगळे कागद दोनदा उलगडून पाहिले. नाही.

१२ मार्च

साहेबांना वरच्या अधिकाऱ्यांनी बोलावून झापलंय. मामाने दाराआडून ऐकलं म्हणे. एका आकड्यावर अठ्ठावीस शाळा बंद ठेवल्या! यापुढे साहेबांनी स्वतः खात्री केल्याशिवाय इशारा नाही. आणि साहेबांनी काय केलं — सगळं खापर यंत्रावर फोडलं. धूरमापी बिघडलाय. त्याच्या आकड्यांवर तांबडी खूण. दुरुस्तीवाला महिनाअखेरीस येईल. तोवर ते आकडे धरायचे नाहीत.

सुटलो म्हणायला पाहिजे. सुटल्यासारखं वाटत नाही. यंत्र कोपऱ्यात गुणगुणतंय. तीनशे दहा. तीनशे पाच. तीनशे बारा. गरीब बिचारं बरोबर सांगतंय, आणि माझ्यापायी खोटं ठरलंय.

कॉलेजात हेच माझ्या बाबतीत झालं होतं. मी दोन तास उभं राहून घेतलेलं माप सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "बनवलंयस." सगळ्यांसमोर. मी चंबू भिंतीवर फोडला आणि चालू पडलो. ती जिन्यापर्यंत मागे आली होती. "थांब, मी सांगते त्यांना, मी पाहिलंय तुला मोजताना." मी थांबलो नाही. पुढे इथली जागा निघाली तेव्हा तिनेच साहेबांना सांगितलं — तापट आहे, पण खोटा आकडा लिहिणार नाही.

खोटा आकडा मी लिहिला नाहीच. आकडा खरा होता! काय पेटलं ते लिहिलं नाही, एवढंच.

एवढंच!

१४ मार्च

इथे कुणी राहत नाही. जीपच्या कच्च्या वाटेशिवाय रस्ता नाही, चूल नाही — मला विजेच्या शेगडीवर रांधावं लागतं, केसांना तेलसुद्धा वासाचं चालत नाही. तरी रोज सकाळी पांढराशुभ्र लावलेला फिल्टर दुसऱ्या सकाळी राखाडी निघतो. तीनशे किलोमीटरवरचं शहर आहे ते. त्याचे ट्रक, त्याचं डांबर, रंग, जळका कचरा. रोज रात्री निघतं आणि सकाळी माझ्या चिमट्यात येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. आता नाही हसत.

१७ मार्च, सोमवार

चिठ्ठी!

हात धुवायचे विसरून उघडली. जशीच्या तशी उतरवतो.

"तीन तारखेच्या फिल्टरची दुसरी तपासणी उशिरा झाली. लाकूड जळलं की साखरेबरोबर आणखी एक जात येते, व्हॅनिलाच्या वासाच्या घराण्यातली. लांबून येताना वाटेत थोडी मरते, पण पार नाहीशी होत नाही. तुझ्या फिल्टरवर ती नव्हती. नुसती साखर. कागद लाकडाचाच, म्हणून साखर येते; पण तो पांढरा करताना ती जात धुऊन काढतात. म्हणजे लाकूड नव्हतं जळलं, कागद जळला. पांढरा. चिठ्ठ्या मी प्रयोगशाळेच्या कागदाच्या कापते, तो पांढराच असतो. साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. अहवाल टेबलाच्या खणात आहे. तू सांग. तू सांगावंस असं मला वाटतं."

तिने स्वतःच्या चिठ्ठ्या स्वतःच्या यंत्रात ओळखल्या. मी त्या तिला परत पाठवल्या असत्या तरी इतक्या नीट पोचल्या नसत्या.

१८ मार्च

रागाच्या भरात फोन केला. शरम वाटली की मला राग येतो, ही जित्याची खोड.

"साहेबांना सांगायचं तर सांग ना! खणात कशाला ठेवलंस? उपकार?"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

"मी सांगितलं तर नोकरी जाईल."

"हो."

"घरी कुठल्या तोंडाने जाऊ? पुन्हा अर्धवट?"

"मी तुझी हमी दिली होती," ती म्हणाली. "मीही तोंड घेऊनच इथे बसलेय."

मग उगाच विचारलं, कधी आहे लग्न? म्हणाली, मे महिन्यात. विचारलं, कसा आहे? म्हणाली, "शांत आहे. विचारल्यावर उत्तर देतो."

फोन मी आपटला नाही. हळू ठेवला. तिला ते ऐकू गेलं असेल का?

२० मार्च

साहेबांना तीनदा फोन लावला. एकदा घंटी वाजायच्या आत ठेवला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि मी म्हणालो, "साहेब, फिल्टरांच्या कडा ठिसूळ निघतायत." तिसऱ्यांदा म्हणालो, हातमोजे संपत आलेत.

"पाठवतो," ते म्हणाले. "अजून काही?"

"नाही साहेब."

रविवारी सांगेन. रविवारी ते निवांत असतात.

२३ मार्च, रविवार

सांगितलं नाही. दुरुस्तीवाला सोमवारी, ३१ तारखेला येतोय, असं कळलं. तो यंत्र तपासेल, काही बिघाड निघणार नाही, मग आपोआपच कळेल. मग मी कशाला?

संध्याकाळी वारा फिरला. आठ दिवस नैर्ऋत्येचा होता. आता ईशान्येचा.

२४ मार्च

पक्षी दिसले नाहीत. एरवी दुपारी घारी टेकडीच्या खांद्यावर तरंगत असतात. आज एक नाही. उगाच मनाचे खेळ असतील. आकडा चारशे वीस.

डबा आला. चिठ्ठी नाही. मामा म्हणाला, "काय रे, प्रेतासारखा चेहरा! वर तर हवा फुकट मिळते तुला."

२५ मार्च, मंगळवार

आला.

वेळेसकट लिहितो. नोंदवहीतही सगळं लिहिलंय, पण तिथे आकडे तेवढे मावतात.

सकाळी नऊला सातशे. तीन तारखेला आकडा एका झटक्यात वर गेला होता, झाडावर माकड चढावं तसा. आज तसं नाही. सातशे, सातशे साठ, आठशे तीस. भरतीचं पाणी चढतं तसा, न थांबता. दुपारी बाराला दोन हजार. ईशान्येच्या डोंगररांगा एकेक करून गेल्या. ढगाने झाकल्या असं नाही, पुसल्या. कुणीतरी ओल्या बोळ्याने पाटी पुसत जवळ येतंय असं. दोन वाजता सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येऊ लागलं. तांब्याचा. सावली पडत होती, पण तिला कडा नव्हत्या.

वास — मी तयार होतो की जळका, ठसका लागणारा येईल. तसा नाहीच. बारीक, गोडसर, जुन्या कपाटासारखा. चांगलाच वाटला! पहिल्यांदा छातीभरून घेतला आणि मग कळलं काय घेतोय ते. डांबराचाही होता त्यात. वाटेवरचं शहर उचलून आणलंय.

सव्वादोनला साहेबांना फोन.

"साहेब, येतोय. पहाटेपर्यंत खाली उतरेल. इशारा द्या."

"कुठल्या आकड्यावर? तांबडी खूण आहे त्यावर."

"मी डोळ्यांनी बघतोय, साहेब! समोरची रांग दिसत नाही."

"मार्च महिना आहे. धुरळा असतो. आणि नकाशावर धूर उत्तरेने चाललाय." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे हेच! मी खिडकीत उभा, ते नकाशात. "गुरुवारी जीप पाठवतो, फिल्टर दे. तपासू."

"गुरुवारी! साहेब, गुरुवारी काय तपासणार? कोण उरलं ते?"

"आवाज खाली."

खाली केला. आणि मग सांगितलं. असं सांगायचं ठरवलं नव्हतं. "साहेब, यंत्र बिघडलेलं नाही. तीन तारखेला धूर आला नव्हता. मी केला होता. नळीखाली कागद जाळले."

"किती कागद?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस कागदांपायी मी अठ्ठावीस शाळा बंद ठेवल्या. भर बैठकीत तोंडघशी पडलो."

"हो साहेब. म्हणजे यंत्र तेव्हाही बरोबर होतं. म्हणजे आत्ताही —"

"तेव्हा म्हणालास, काही पेटवलं नाही. आज म्हणतोस, पेटवलं होतं. मग आज काय पेटवलंयस?"

मी नुसता यंत्रावरचा आकडा वाचून दाखवला.

"तुझा हिशोब दुरुस्तीवाल्याबरोबर पाठवतो," ते म्हणाले आणि ठेवला.

तिला लावला. प्रयोगशाळेतली दुसरी बाई म्हणाली, ती आज रजेवर आहे, पाहुण्यांकडे गेलीय, उद्या सकाळी लवकर येईल. मी म्हणालो, निरोप द्या — खण उघड म्हणावं. "कसला खण?" "तिला कळेल. नुसतं एवढंच सांगा, खण उघड."

पाच हजार दोनशे. संध्याकाळचे सहा. दिवा लावला तर दिव्याभोवती कडं दिसलं. खोलीत.

मग घरी. दादाने उचलला.

"बाबांना दे."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

"दे रे!"

काठीचा आवाज. पाच पावलं, थांबणं, पाच पावलं. दोन वर्षांनी त्यांचा आवाज थेट माझ्या कानात आला. "बोला, हवामोजे."

"बाबा, उद्या पहाटे फिरायला जाऊ नका. खिडक्या लावा. फटींना ओल्या चादरी लावा. दोन-तीन दिवस."

त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, पहाटेची हवा घ्या. पहाटेची हवा म्हणजे औषध. पाच वाजता, दम लागला तरी, काठी टेकत कालव्यापर्यंत जातातच.

"साहेब सांगतायत का तू?"

"मी सांगतोय."

"गेल्या खेपेला साहेबांनी सांगितलं होतं."

इथे मला गप्प बसता आलं असतं. 'हो, तेच पुन्हा' म्हणता आलं असतं. पण दुपारी एकदा खरं बोललो होतो आणि आता ते तोंडातून थांबेना. "गेल्या खेपेचं खोटं होतं बाबा. माझ्यामुळे झालं. मी वर कागद जाळले होते. पण आजचं खरं आहे, शप्पथ खरं आहे, मी —"

फोन दादाच्या हातात गेला. काठी दूर गेली. पाच पावलं. थांबणं.

"हे काय केलंस रे?" दादा हळू बोलत होता. "सगळं गाव हसत होतं ना, तेव्हा आपल्या एका घराच्या खिडक्या बंद होत्या. तीन दिवस. दोन नाही, तीन! ओल्या चादरी त्यांनी स्वतः पिळून लावल्या, मला हात लावू दिला नाही. शेजारी दारात येऊन हसले तर त्यांच्या अंगावर काठी घेऊन गेले. माझ्या पोराने मोजलंय, म्हणाले. तो तापट आहे, लबाड नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. शेफारेल म्हणाले."

मी म्हणालो, दादा, उद्या त्यांना अडव. काहीही कर. कोंडून ठेव.

"त्यांना? कोण कोंडणार? तू ये आणि कोंड."

खिडकीबाहेर काही नाही. टेकडी नाही, वाट नाही. पंप चालू आहे. सहा हजार शंभर.

२६ मार्च, सकाळी सात

दादाचा फोन. बाबा पाचला गेले. काठी घेतली, मफलर घेतला नाही. दादा दारात आडवा झाला तर म्हणाले, "हो बाजूला. हवा कशी आहे ते माझं मी बघतो." कालव्यावरून परत यायला त्यांना तासभर लागतो. दोन तास झालेत. समोरचं घर दिसत नाही म्हणे. दादा हाका मारत फिरतोय.

लगेच तिचा. धापा टाकत होती. "खण उघडला. साहेबांपुढे ठेवला — तुझंही, मी दडवलं तेही. पटलं त्यांना, की यंत्र बरोबर आहे. इशारा आत्ता निघाला." आत्ता. सहा पन्नास.

फिल्टर बदलला. काढलेला काळा आहे. बाहेर काढून पाहिला तर त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. हातमोजे घालायला विसरलो.

नोंदवहीत ३ मार्चच्या ओळीखाली लिहिलं — दुपारी ४.१०, नळीखाली कागद जाळले. मी.

केंद्र रिकामं सोडायचं नाही, हा इथला पहिला नियम. गाव पायी तीन तास. ही वही खिशात घालतो. पंप चालू ठेवलाय. दार बाहेरून ओढून घेतो.